आनंद कोणाचा

मेखीर महिना, ३

आज चौकातल्या माझ्या बाकासमोर आपा हेरोन येऊन उभे राहिले. आमच्या तामुई गावातल्या ख्रिस्ताला मानणाऱ्या मंडळीचे ते वडीलधारे, म्हणून 'आपा'. मला वाटलं, शेजाऱ्यावर फिर्याद लिहून हवी असेल. या गावात माणूस माझ्याकडे येतो तो दुसऱ्या कुणावर तरी चिडूनच.

"कोप्रेस, एक पोथी उतरवून हवी आहे," ते म्हणाले. "अख्खी. सुबक अक्षरात."

"तुमच्या मंडळीत लिहिणारा कोणी नाही?"

"आहे की. पण त्याचं लिहिलेलं नंतर त्यालाच वाचता येत नाही."

त्यांची स्वतःची पोथी आधीच्या सम्राटाच्या शिपायांनी याच चौकात जाळली. आपा हेरोननी ती आपल्या हातांनी काढून दिली होती. हे गावाला ठाऊक आहे आणि गाव त्याबद्दल बोलत नाही. शेजारचं पेखिस मात्र बोलतं. पेखिसवाल्यांनी त्यांची पोथी भाकरीच्या भट्टीच्या भिंतीत चिणून वाचवली. तेव्हापासून लग्न असो, मयत असो, गुरांचा बाजार असो, त्या भट्टीचा विषय निघतोच. आता नवा सम्राट या लोकांवर खूश आहे. म्हणून पेखिसने पोथी उसनी दिली आहे, पुनरुत्थानाच्या सणापर्यंत.

मी त्यांच्यातला नाही. तसा मी कोणातलाच नाही. कोप्रेस म्हणजे उकिरड्यावरचा, आणि मी खरोखरच तिथे सापडलो होतो. पण मी हो म्हणालो. माझं अक्षर सबंध जिल्ह्यात एक नंबर आहे आणि आयुष्यभर मी त्याने बकऱ्यांची भांडणं लिहिली.

मेखीर ५

पोथी आली. तिच्याबरोबर पामूनही आला.

पामून पेखिसच्या प्रार्थनाघराचा राखणदार. पोथी नजरेआड होऊ द्यायची नाही, अशी त्याला ताकीद आहे. तो तिला मांडीवर घेऊन बसतो, निजताना उशाशी घेतो. बाकीचा वेळ जेवतो. आल्याआल्या त्याने चार भाकऱ्या आणि मुळ्याची जुडी संपवली आणि मग विचारलं, "जेवण कधी असतं इथे?"

काम तायरिसबाईंच्या अंगणात चालणार. बाई विधवा आहेत, माग चालवतात. त्या पोथी मोठ्याने वाचणार, मी ऐकून लिहिणार. त्यांचे वडील मंडळीचे वाचक होते. शिपायांनी त्यांना विचारलं, पोथ्या कुठे आहेत, तर ते म्हणाले, "माझ्या पोटात." शिपायांना विनोद आवडला नाही. त्यांना दगडाच्या खाणीवर पाठवलं, तिथून ते आले नाहीत.

बाईंनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "बोरू टोकदार आहे ना? मग सुरू करू."

मेखीर ६

बाई फार सावकाश वाचतात. आवाज मात्र खणखणीत आहे. भिंतीपलीकडच्या गाढवालासुद्धा आज बरंच काही कळलं असेल.

मजकूर बरा आहे, पण भाषा! हे लिहिणारा कोळी-बिळी असावा. 'आणि' वर 'आणि'. आणि तो गेला, आणि त्याने पाहिलं, आणि तो म्हणाला. मी चार 'आणि' गाळले, एका क्रियापदाला वळण लावलं. मूळ लेखकाने पाहिलं असतं तर आभार मानले असते.

मेखीर ९

पकडला गेलो.

काल लिहिलेलं पान बाईंनी सहज उचललं आणि वाचायला लागल्या. दुसऱ्याच ओळीवर थांबल्या.

"इथला 'आणि' कुठे गेला?"

"गरज नव्हती."

"कोणाला गरज नव्हती?"

"बाई, मी तीस वर्षं लोकांची भाषा सुधारतोय. माझ्याकडे येणारा माणूस 'त्याने मला हाणला' म्हणतो, मी 'सदर इसमाने मजवर हात उगारला' लिहितो. त्यावरच खटले जिंकले जातात."

"इथे खटला नाही. हाणला असेल तर हाणला लिहा."

"पण चुकीचं व्याकरण—"

"तेही उतरवा. नीट. सुबक अक्षरात."

पामून मसूर चिवडत म्हणाला, "आमच्या पेखिसला चुकीचं व्याकरण चालतं."

पाच पानं पुन्हा लिहिली. राग आला होता. तरी सबंध दिवस बाईंचा आवाज डोक्यात घुमत राहिला. हा आवाज तब्येतीला चांगला नाही.

मेखीर १४

आज अंजिरं नेली. इतकं वाचून घसा कोरडा पडतो आणि घसा बसला तर काम थांबेल. निव्वळ कामाचा विचार. पामूनने निम्मी खाल्ली, तेव्हा उद्या दुप्पट न्यावी लागतील.

अंगरखाही धुतला. शाईचे डाग पडलेला माणूस लेखनिक म्हणून शोभत नाही. गेली कित्येक वर्षं हे लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी माझ्या नावाबद्दल विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणीतरी वाकून उचललं तुम्हाला."

या बाजूने मी कधी पाहिलं नव्हतं. शाई घोटत बसलो.

मेखीर २२

देवाचं नाव, प्रभूचं नाव, येशूचं नाव ही माणसं पूर्ण लिहीत नाहीत. पहिलं आणि शेवटचं अक्षर, वर आडवी रेघ. झालं. मी म्हणालो, सम्राटाचं नाव असं तोडलं तर मला फटके पडतील. बाई म्हणाल्या, "सम्राटाला मानाची काळजी असते."

ओळींवर मेहनताना घेणाऱ्या माणसाचं यात नुकसान आहे, हे मी बोललो नाही.

फामेनोथ महिना, २

बाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. पामून म्हणाला, मी वाचतो. त्याला वाचता येतं, पण तो एक शब्द वाचतो आणि तो पटला की मान डोलावतो. दुपारपर्यंत अर्धं पान झालं. बोरू वाईट, शाई पातळ, ऊन चुकीच्या बाजूने येत होतं. आजचा दिवसच मुळात वाईट बनवलेला होता.

फामेनोथ ४

बाई आल्या. बोरू सुधारला.

फामेनोथ ११

अर्ध्याहून जास्त पोथी झाली. आता पत्रं लागली आहेत. आज येशूच्या एका म्हाताऱ्या शिष्याचं पत्र घेतलं. सुरुवातीलाच तो सांगतो की हे कशासाठी लिहितोय: आनंद पुरा व्हावा म्हणून. इथे बाई क्षणभर थांबल्या, घसा खाकरला, पुढे गेल्या. मी लिहून टाकलं. ऐकून लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी मूळ पानाशी डोळ्यांनी ताडून बघतो, ते उद्या.

पामूनने संध्याकाळी माशाचं कालवण मागवलं.

फामेनोथ १२

घात झाला.

सकाळी पोथी उघडली तर कालच्या पानावर ओल. मी पामूनकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. अंगणाला छत नाही.

"पामून."

"एकच थेंब पडला, दादा. कालवणाचा. मी लगेच पुसला."

"कशाने?"

"तुमच्याच स्पंजने. ओला करून. चांगला घासला."

आमची शाई काजळाची. ओल्या स्पंजने ती पाटीवरच्या खडूसारखी निघते, म्हणूनच मी स्पंज ठेवतो. डाग गेला, वास राहिला आणि एक अक्षर गेलं. एकच. पण कुठलं!

आनंद पुरा व्हावा, पण कोणाचा? 'आमचा' की 'तुमचा'? आमच्या ग्रीकमध्ये हे दोन शब्द लिहिताना फक्त पहिल्या अक्षराने वेगळे. पूर्वी लोक बोलतानाही ते वेगळे म्हणत असतील. आता तोंडाने दोन्ही 'इमोन'. चारचौघांत समोरच्याकडे बोट दाखवून भागतं. पोथीला बोटं नसतात.

मी काल 'आमचा' लिहिलंय. का? सवयीने. न बघता.

"बाई, तुम्ही काल पानावर काय पाहिलंत?"

त्या ओशाळल्या. "पाहिलंच नाही. ही ओळ मला पाठ आहे. डोळे मिटून म्हटली."

"काय म्हटली?"

"इमोन," बाई म्हणाल्या.

पामून रडायला लागला. राखणदारानेच पोथी पुसली हे पेखिसला कळलं तर त्याला गावात उभं करणार नाहीत. बाईंनी त्याला भाकरी दिली. रडता रडता त्याने ती खाल्ली.

फामेनोथ १४

लपवता आलं असतं. त्या जागी एक अक्षर रेखाटायला मला श्वासाइतका वेळ लागतो. पण लपवलं नाही. बाईंनी सुचवलंही नाही आणि अडवलंही नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मी बोरू खाली ठेवला आणि आपा हेरोनकडे गेलो. त्यांनी पेखिसला निरोप धाडला.

आज पेखिसच्या मंडळीचे वडीलधारे आपा सारापम्मोन आले. दांडगा माणूस. भुवया अशा की त्यांत चिमणी घर करेल. दोघे आपा पानावर वाकले. पुसलेल्या जागी एक उभी काडी तेवढी उरली आहे.

"खांब आहे हा," सारापम्मोन म्हणाले. "'आमचा'चं अक्षर. दोन खांब, मध्ये आडवी फळी. एक खांब उरला."

"देठ आहे तो," हेरोन म्हणाले. "वरचं बेचकं गेलं. 'तुमचा'."

"खांब."

"देठ."

"दोन्ही असू शकेल," पामून म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघे एकदम म्हणाले. तेवढं एकमत झालं.

सारापम्मोननी साक्षीदार आणला होता. पेखिसचे एक आजोबा, ज्यांनी जन्मभर ही पोथी ऐकली.

"आजोबा, न घाबरता सांगा. काय ऐकत आलात?"

"इमोन," आजोबा ठासून म्हणाले.

"बघा!" सारापम्मोन गरजले.

"बघा!" हेरोनही म्हणाले.

मी मध्ये पडलो. म्हणालो, "महाराज, पेखिसमध्ये वाचलं तर 'आमचा' म्हणजे पेखिसचा आणि तामुईत वाचलं तर 'आमचा' म्हणजे तामुईचा. मग भांडण नेमकं—" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य तिथेच सोडलं.

मग सारापम्मोन बोलायला नको ते बोलले. "ज्यांनी आपली पोथी हाताने आगीत दिली, त्यांनी आम्हाला शब्द शिकवू नयेत. आम्ही जपली. आनंदही आमचाच."

आपा हेरोनचा चेहरा राखेसारखा झाला.

"दिली," ते म्हणाले. "याच हातांनी दिली. तेव्हापासून मी वेदीपुढे उभा राहतो आणि 'आनंद आमचा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, सारापम्मोन. समोर बसलेल्यांना मी म्हणतो, तुमचा. तुमचा तरी पुरा होवो. म्हणून मला ते अक्षर हवं आहे. दुसरं काही नाही."

सारापम्मोनना कुठे पाहावं ते कळेना. म्हणून ते ओरडले. "रविवारी येतो! तुझी नक्कल मला वाचून दाखव. ऐकून खात्री पटली तर पोथी सणापर्यंत राहील. नाही पटली तर तशीच उचलून नेईन, अर्धी झाली असो की पाऊण."

ते गेल्यावर बाई मागाशी जाऊन बसल्या आणि धोटा इतक्या जोरात फेकायला लागल्या की दोन धागे तुटले.

फामेनोथ १५

विचार करून डोकं दुखतंय. पाच आठवड्यांपूर्वी मी कुठलंही अक्षर लिहून मोकळा झालो असतो. आज हात पुढे जात नाही. या बाईंनी माझी वाट लावली.

दुपारी विचारलं, "तुमचे वडील ही ओळ कशी वाचायचे? आवाज नको, तो कळला. माणूस कसा दिसायचा?"

बाई उठून अंगणाच्या मध्ये उभ्या राहिल्या, उजवा हात छातीवर ठेवला आणि तिथून सावकाश बाहेर नेला, माझ्यावरून, झोपलेल्या पामूनवरून, भिंतीवरून, पलीकडच्या गाढवावरूनसुद्धा.

"असे," त्या म्हणाल्या. "मी लहान होते. मला वाटायचं, माशा हाकलतायत."

मग एकदम खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी अंजिरांचं ताट पुढे केलं. त्यांनी एक घेतलं. पामून जागा झाला, त्यानेही घेतलं.

हात छातीपासून सुरू झाला होता. म्हणजे स्वतःलाही धरून, सगळ्यांना. ग्रीकमध्ये 'आपला'ला वेगळा शब्द नाही, तोही 'आमचा'च. मी 'आमचा' तसंच राहू दिलं आणि समासात एक बारीक टिंब दिलं. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, इथे लिहिणाऱ्याला खात्री नाही. सबंध आयुष्यात मी असं टिंब आजवर दिलं नव्हतं. मला नेहमी खात्री असायची.

फामेनोथ १८, रविवार

अख्खं पेखिस आलं की काय असं वाटावं इतकी माणसं. अर्धी अंगणात, अर्धी भिंतीवर. पामून कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागामागे दडला होता, पण चावण्याचा आवाज येत होता.

बाई उभ्या राहिल्या. माझं पान हातात. गावापुढे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पान दोन्ही हातांनी धरलं. मग वाचायला लागल्या. मी सहा आठवडे तो आवाज ऐकतोय, पण डोकं वर करून ऐकला नव्हता. ऐकताना माझा हात आपोआप हवेत लिहीत होता, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

ती ओळ आली. बाईंनी घाई केली नाही, थांबल्याही नाहीत. इमोन.

सारापम्मोननी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत! स्वच्छ 'आमचा'!"

"'तुमचा' म्हणाली," हेरोन हळूच म्हणाले.

"बहिरा आहेस तू, हेरोन. लहानपणापासून बहिरा आहेस." मग सारापम्मोननी त्यांच्याजवळ जाऊन, आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमचा. तुला धरून, मूर्खा. तू त्या दिवशी पोथी दिलीस म्हणून शिपाई पुढे पेखिसकडे आले नाहीत. नाहीतर भट्टी फोडली असती त्यांनी. हे मी आजवर कोणाला बोललो नाही."

आपा हेरोन खाली बसले. कोणीतरी पाणी आणलं. कोणीतरी जवाची दारू आणली, ती सारापम्मोननी प्यायली.

पोथी राहिली. पेखिसच्या आजोबांनी जाताना माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "अगदी तसंच वाचलं. इमोन." पान बघायला कोणी मागितलं नाही. टिंब कोणी पाहिलं नाही.

फार्मौथी महिना, ९

काम संपलं. शेवटच्या पानाखाली लेखनिक आपलं नाव घालतो. मी लिहिलं, 'कोप्रेसने लिहिलं. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने क्षमा करावी.' बाई म्हणाल्या, "पुरे. छान आहे." त्यांनी 'छान' म्हटलेलं हे माझं पहिलं वाक्य.

पामून पोथी कापडात गुंडाळून निघाला. पोथीपेक्षा शिदोरीचं गाठोडं मोठं होतं. त्याने माझ्या गळ्यात पडून सांगितलं की पेखिसमध्ये असं जेवण मिळत नाही.

फार्मौथी १०

बाकावर बसलो. एक माणूस आला. शेजाऱ्याच्या बकरीने त्याची कोबी खाल्ली. मी विचारलं, "आणि मग? आणि मग?" त्याचे सगळे 'आणि' लिहिले. तो वैतागून दुसऱ्या लेखनिकाकडे गेला.

भूक नाही. बहुतेक अंजिरं बाधली.

फार्मौथी १९

सण झाला. मी बाहेर उभा राहून ऐकलं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलेला नाही, म्हणून आत जाता येत नाही.

आज आपा हेरोननी बोलावलं. तायरिसबाईही होत्या. नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावाने आमची नक्कल उसनी मागितली आहे, त्यांना तिच्यावरून आणखी एक उतरवून हवी आहे. आता आमची पोथी जाणार! आपा चार वेळा म्हणाले, "आमची पोथी." वाचायला बाई, लिहायला मी, सबंध उन्हाळा.

"एक अडचण आहे," आपा म्हणाले. "तू एकटा, तायरिस एकटी. होडीतून बरोबर जाणार, एका अंगणात राहणार. लोक बोलतील."

मी विचार केला. "पामूनला बरोबर घेऊ."

आपांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीकडे पाहत होत्या.

"दुसरा काही उपाय सुचतो का, कोप्रेस?" आपा फार शांतपणे म्हणाले. "सावकाश विचार कर."

मी सावकाश विचार केला. "पामून आणि त्याची आई?"

बाई उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "कोप्रेस," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नुसतं नाव. "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. लग्न."

माझ्या हातात बोरू नव्हता. मी तरीही म्हणालो, "लिहिलं."

आपा हेरोन एवढे हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले, मला आधी पाण्यात उतरावं लागेल. मी म्हणालो, मला पोहता येत नाही. ते म्हणाले, पाणी गुडघ्यापर्यंतच असतं, आणि उचलायला माणसं असतात.

घरी जाताना तायरिसला विचारलं, आता पामूनचं काय करायचं. मी मनातल्या मनात त्याला कामाला लावूनही टाकलं होतं. ती म्हणाली, "त्याला लग्नाच्या जेवणाला बोलवायचं. आणि स्वयंपाक दुप्पट करायचा."